दुसरा

घणसोलीला आमच्या गच्चीवर
कंपनीतून आणलेल्या निळ्या पिंपात दुधी लावलाय,
तो डिशच्या छत्रीवर चढून बसलाय.
फुलं संध्याकाळी साडेसहाला उघडतात,
जुन्या अल्बममधल्या बटरपेपरसारखी पांढरी,
आणि सकाळी उन्हं आली की चुरगळतात.
तेवढाच वेळ.

यांच्याकडे रात्रीचं पाखरू यायचं,
भुरकं, लांब सोंडेचं.
समोरच्या टॉवरला दिवे लागल्यापासून
ते तिकडेच काचेला धडका देत राहतं.
म्हणून जोमाकाका येतो.
लुंगी खोचलेली, चष्मा कपाळावर.
नर फूल देठासकट खुडतो,
पाकळ्या ओरबाडून टाकतो,
आणि पिवळा गोंडा मादी फुलात टेकवतो,
हजेरीबुकात अंगठा उठवावा तसा,
जरा दाबून, जरा वळवून.
"पाखरू नाय आला तं नाय आला, मी हाय ना."

मादी फुलाखाली दुधी आधीपासूनच असतो,
करंगळीएवढा, अंगावर लव.
पराग लागला नाही तर
चार दिवसांत पिवळा पडून गळतो.

हेच मी दहावीला शिकवते.
फळ्यावर कुक्षी काढते, तिच्यावर परागकण,
त्यातून नळी फुटते, खाली उतरते, अंधारात,
आणि नळीतून दोघे जातात.
सख्खे. एकाच पेशीचे दोन भाग.
पहिला अंड्याला मिळतो, त्याचं रोप होतं.
दुसरा मधल्या दोन केंद्रकांत मिसळतो
आणि अन्न होतो.
पहिल्याच्या बाळाचं अन्न.
दोन गुणांचा प्रश्न आहे.
मुलं पहिल्याबद्दल लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात,
एक गुण दरवर्षी तिथेच जातो.
यंदा मात्र शेवटच्या बाकावरून ऋग्वेदा मढवीनं विचारलं,
"मॅडम, मग दुसऱ्याचं पुढे काय?"
पुढे काही नाही, म्हटलं मी. तो संपतो.
आणि डस्टर शोधत बसले,
ते हातातच होतं.

जमीन गेली तेव्हा काका एकोणीसचा, बाबा चौदाचे.
काका ठाणे-बेलापूर रोडला रंगाच्या कंपनीत लागला.
एकतीस वर्षं.
घाम कधी निळा यायचा, कधी तांबडा,
कुठल्या खात्यात काम आहे ते आजी उशीवरून ओळखायची.
दिव्याची एक मुलगी पाहून आला होता म्हणे,
त्या वर्षी बाबांच्या डिप्लोम्याची फी होती.
मग आत्यांचं निघालं.
मग मी झाले.
ती मुलगी काळी की गोरी, नाव काय,
हे विचारायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही,
माझ्याही.

भाताचा दाणा म्हणजे दुसराच.
कोंडा गिरणीत जातो, कोंबाचं टोक तिथेच झडतं,
ताटात येतो तो सगळा दुसरा.
नारळाचं पाणी दुसरा, खोबरंही दुसरा.
दुधीच्या बीत मात्र शोधून सापडत नाही.
काल एक भिजवून नखानं उकलली,
आत नुसत्या दोन जाड पांढऱ्या पानांची जोडी.
त्याला बाळानं आतल्या आत खाऊन संपवलेलं,
वाळायच्या आधीच.

हे सगळं मी काकाला सांगितलं, गच्चीवर, उभ्या उभ्या.
त्यानं नीट ऐकून घेतलं,
चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.
"खाल्ला ना पोरानी?"
खाल्लं.
"मंग झाला तं."
सात वाजून गेले होते.
वेलावर अजून तीन मादी फुलं उघडी होती, नर एकच.
"एकात तीन भागतान," म्हणाला,
आणि स्टुलावर चढला,
मी स्टूल धरून उभी राहिले.